नॉइज रडारच्या खरखरीतून त्रिमितीय प्रतिमा कशी मिळते?

आपण विचारले आहे, की नॉइज रडार ठरावीक स्पंदांऐवजी नुसती यादृच्छिक खरखर पाठवत असेल, तर परत आलेल्या खरखरीतून वस्तूचे त्रिमितीय चित्र कसे उभे राहते. नाशिकमध्ये मी हाच विषय शिकवतो आणि विद्यार्थ्यांची गाडीही नेमकी इथेच अडते.

खरखर यादृच्छिक असली तरी ती आपल्याला अनोळखी नसते, कारण पाठवतानाच तिची एक प्रत आपण राखून ठेवतो. ही प्रत थोडीथोडी मागे सरकवत परत आलेल्या लहरींशी ताडून पाहिली, की ज्या विलंबाला दोन्ही जुळतात तेथे सहसंबंधाचे, म्हणजे दोन्ही किती जुळतात याच्या मापाचे, टोक वर येते आणि त्यावरून अंतर कळते. बँडविड्थ, म्हणजे खरखरीने व्यापलेला वारंवारितांचा पट्टा, १ गिगाहर्ट्झ असेल, तर १५ सेंटिमीटरपर्यंतचा फरक ओळखता येतो.

हे झाले फक्त अंतर. समजा, पांडवलेण्यातील एखाद्या ओसरीसमोर १० मीटरवर १० गिगाहर्ट्झचे रडार मांडले. अँटेना १ मीटर लांबीच्या आडव्या रुळावर सरकवून सगळी मोजमापे एकत्र जोडली, की जणू १ मीटरची अँटेना वापरल्यासारखे होते आणि शेजारशेजारचे खांब वेगळे दिसू लागतात. हेच सिंथेटिक ॲपर्चर, ज्याची कल्पना अमेरिकी अभियंता कार्ल वायली यांनी १९५१ मध्ये मांडली. मात्र सारख्याच अंतरावरचे वरखालचे बिंदू अजूनही एकमेकांवर पडतात, त्यामुळे उंची हवी असेल तर अँटेना उभ्या दिशेनेही सरकवावी लागते किंवा त्या दिशेने अनेक अँटेना लावाव्या लागतात.

खरी मेहनत येथे आहे. तरंगलांबी ३ सेंटिमीटर असल्याने सर्व दिशांच्या परावर्तित लहरी नीट टिपायच्या तर दर साडेसात मिलिमीटरला एक मोजमाप हवे. म्हणजे १ मीटर लांबरुंद चौकटीत सुमारे १८ हजार जागा, आणि प्रत्येकी एक सेकंद धरला तरी पाच तास. शिवाय अँटेनाची जागा वस्तूच्या दिशेने १ मिलिमीटरने जरी चुकली, तरी जाण्यायेण्याचा मार्ग २ मिलिमीटरने बदलून फेज, म्हणजे लहरीच्या चढउतारातील स्थिती, २४ अंशांनी सरकते, म्हणून रूळ भक्कम करण्यावर खर्च करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणखी एक अडचण खास नॉइज रडारची आहे. न जुळणारी खरखर सहसंबंधात पूर्ण शून्य होत नाही. तिचा थोडा थर तळाशी उरतोच आणि जवळच्या ठळक वस्तूमुळे किंवा पाठवणाऱ्या व घेणाऱ्या अशा दोन अँटेनांमधल्या थेट गळतीमुळे मागच्या भिंतीवरचे क्षीण तपशील त्यात बुडतात. मोजमापाचा कालावधी दहापट वाढवला, की हा थर १० डेसिबलने, म्हणजे एक दशांशावर, खाली जातो.