डेट्रॉइटच्या बंद पडलेल्या ब्रुअरीचा (बिअरच्या कारखान्याचा) जुना कॅन मिळाला आहे; तो किती जुना हे कसे ओळखावे आणि पुढे काय जमवावे?

आपल्याला गॅरेज सेलमध्ये ‘गोबेल’ बिअरचा कॅन मिळाला आणि त्यावरून अशा वस्तू जमवण्याचा छंद लागू पाहतो आहे, असे आपण लिहिले आहे. मी स्वतः बिअर पीत नाही, परंतु गेली १४ वर्षे याच शहरातील बंद पडलेल्या ब्रुअरींच्या वस्तू गोळा करीत असल्यामुळे उत्तर देण्याचे धाडस करतो.

केवळ नावावरून कॅनचे वय ठरवू नये. गोबेल कंपनी १९६४ मध्ये स्ट्रो या डेट्रॉइटच्याच ब्रुअरीने विकत घेतली, पण त्या नावाची बिअर पुढेही विकली जात राहिली. म्हणून आधी कॅन उलटसुलट करून बारीक अक्षरे वाचावीत. त्यावर ‘इंटर्नल रेव्हेन्यू टॅक्स पेड’ (सरकारी कर भरल्याची नोंद) असे छापलेले असेल, तर तो १९५० च्या आधीचा समजावा, कारण त्या वर्षी हा मजकूर छापण्याची सक्ती उठली. वरचे झाकण सपाट असून त्याला ओढायची कडी नसेल, म्हणजेच ओपनरने भोक पाडावे लागत असेल, तर तो बहुधा साठच्या दशकाच्या मध्याआधीचा असतो. बारकोड दिसला, तर मात्र तो सत्तरच्या दशकातला किंवा त्यानंतरचा.

पुढे काय जमवावे, याबद्दल माझे मत ठाम आहे: एकच शहर धरावे, आणि जमल्यास एकच ब्रुअरी. डेट्रॉइटमध्ये गोबेल, फायफर, ई अँड बी आणि स्ट्रो एवढ्या चौघांनीच आयुष्यभर पुरेल इतका पसारा मागे ठेवला आहे. १९५८ च्या ब्रुअरी कामगारांच्या संपात मिशिगन राज्यातील (डेट्रॉइट याच राज्यात आहे) ब्रुअऱ्या थंडावल्या आणि बाहेरच्या मोठ्या ब्रँडांनी इथली दुकाने काबीज केली. त्यानंतरच्या दहा वर्षांत स्ट्रोखेरीज बाकीच्यांचे दिवस भरले. १८५० मध्ये सुरू झालेल्या स्ट्रोचा ग्रॅशियट अव्हेन्यूवरील कारखानाही १९८५ मध्ये बंद झाला. अमेरिकेतील दारूबंदीच्या काळात याच स्ट्रोने आइस्क्रीम विकून तग धरला होता, त्यामुळे आइस्क्रीमवर हे नाव दिसले तरी ते आपल्याच विषयातले आहे.

माझ्याकडची सर्वांत लाडकी वस्तू म्हणजे फायफरचा प्लॅस्टरचा बासरीवाला शिपाई, जो बारच्या मागच्या फळीवर जाहिरातीसाठी ठेवीत असत. त्याच्या बासरीचे टोक तुटले होते आणि आधीच्या मालकाने ते आगपेटीच्या काडीने जोडून वर रंग फासला आहे. जवळून पाहिल्यास काडीचा चौकोनी कंगोरा स्पष्ट दिसतो. मी तो तसाच ठेवला आहे. दुरुस्तीच्या उत्साहाचा धडा मी आधीच घेतला होता, कारण पहिल्याच वर्षी एक कॅन भांडी घासण्याच्या घासणीने स्वच्छ करताना त्यावरच्या कोंबड्याचा तुरा मी कायमचा पुसून टाकला.

त्यामुळे आपला कॅन मऊ कोरड्या फडक्याने पुसण्यापलीकडे काही करू नये, आणि तो तळघरात ठेवू नये, कारण तिथल्या ओलीने पत्र्याला गंज चढतो. तो अजून भरलेला असेल, तर वरचे झाकण शाबूत राहावे म्हणून तळाला दोन भोके पाडून बिअर ओतून द्यावी. जुना पत्रा आतूनही कुजतो आणि एके दिवशी आपोआप गळू लागतो. तो शेजारच्या कागदी लेबलांवर गळला, तर त्यांचाही निकाल लागतो.