वाचक विचारतात : काळ्या रंगाचे दार कोठे उघडते?

दिवाळीच्या सुट्टीत इंदूरच्या रामबागेतील एका वाचनालयाच्या बालविभागाने डायना विन जोन्स यांची ‘हाउल्स मूव्हिंग कॅसल’ ही कादंबरी मुलांकडून वाचून घेतली आणि मग तिच्यावरून हायाओ मियाझाकी यांनी केलेला त्याच नावाचा जपानी ॲनिमेशनपट त्यांना दाखवला. चित्रपट संपल्यावर मुलांत जो वाद सुरू झाला, तो जिना उतरताना आणि चपला शोधतानाही थांबला नाही, पुढे पोह्यांच्या ठेल्यापर्यंत चालत गेला, असे कळते. या सदराच्या टपालात महिनाभर त्याचेच पडसाद उमटत असल्याने या वेळी इतर प्रश्न बाजूला ठेवून त्याच पत्रांना उत्तरे देत आहे.

ज्यांना कथा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टोप्यांच्या दुकानात राबणाऱ्या सोफी नावाच्या मुलीला एक चेटकीण नव्वद वर्षांची म्हातारी करून टाकते आणि हा शाप कोणाला बोलून दाखवण्याचीही सोय ठेवत नाही. सोफी घर सोडते आणि हाउल या तरुण जादूगाराच्या चालत्या किल्ल्यात आश्रय घेते. तेथे चुलीत कॅल्सिफर नावाचा बोलका, कुरकुऱ्या अग्नी राहतो आणि दाराच्या मुठीवरील रंग फिरवला की एकच दार चार वेगवेगळ्या ठिकाणी उघडते.

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे. तिने ही कादंबरी दोनदा वाचली होती आणि चित्रपटाची ती किती दिवस वाट पाहत होती. घरी आल्यावर मात्र ‘हा माझा हाउल नव्हे’ एवढेच म्हणून ती जेवायलाही उठेना. धाकट्याने पुस्तक उघडलेही नव्हते. त्याला चित्रपट फार आवडला आणि त्यावरून दोघांचे भांडण झाले, अर्थातच हिंदीत. एका गोष्टीपायी इतका जीव टाकावा काय? — एक वडील, लोकमान्य नगर

उत्तर : आपली दोन्ही मुले आपापल्या जागी बरोबर आहेत. कथा ज्या रूपात आपल्याला प्रथम भेटते, तेच रूप मनात मूळ म्हणून बसते. नंतर आलेले रूप कितीही देखणे असले तरी त्याला उंबऱ्यावर उभे राहून आपली ओळख पटवून द्यावी लागते. आपल्यापैकी कित्येकांनी पु. ल. देशपांडे यांचे ‘ती फुलराणी’ आधी पाहिले आणि बर्नार्ड शॉ यांचे ‘पिग्मॅलियन’ नंतर कधीतरी वाचले किंवा वाचलेच नाही. फुलराणी मराठी झाली तेव्हा तिचे लंडन हरवले, अशी हळहळ इंदूरच्या प्रेक्षागृहात कोणी व्यक्त केल्याचे मी तरी ऐकलेले नाही. आपला मुलगा त्या प्रेक्षकांपैकी आहे. मुलीने मात्र तो किल्ला मनातल्या मनात स्वतः बांधला होता. पुस्तकातला किल्ला काळा, उंच, चार बुरुजांचा. पडद्यावर आला तो गंजक्या पत्र्यांचा, धूर फेकणारा आणि कोंबडीसारख्या पायांवर डुलत चालणारा. पुस्तकातल्या सोफीचे केस तांबूस सोनेरी आहेत. चित्रपटातली सोफी अखेरीस रुपेरी केसांनिशी उरते. अशा किरकोळ फरकांची सवय दोन दिवसांत होते.

तिच्या वाक्यातला ‘माझा’ हा शब्द मात्र मला महत्त्वाचा वाटतो. कादंबरीतला हाउल आढ्यताखोर आहे, जबाबदारी अंगावर आली की निसटून जाणारा आहे, आणि साधी सर्दी झाली तरी सगळ्या घराला वेठीस धरणारा आहे. केसांचा रंग बिघडला म्हणून अंगातून हिरवा चिकट द्राव गाळत बसण्याचा त्याचा आकांत चित्रपटातही आहे, पण तेवढा प्रसंग सोडला तर पडद्यावरचा हाउल रात्री पक्ष्याचे रूप घेऊन युद्धात झुंजणारा, जखमी होऊन परतणारा धीरोदात्त नायक झाला आहे. ज्या माणसाच्या खोड्या आपल्याला तोंडपाठ आहेत तो एकदम गुणी होऊन समोर उभा राहिला, तर ओळख पटत नाही, आणि पटली तरी करमत नाही. आपल्या मुलीला हे नेमके जाणवले असेल तर तिला वाचता येते, असे समजावे. जेवायला मात्र उठवावे.

प्रश्न : पुस्तकात मुठीचा काळा रंग खाली आला की दार वेल्समध्ये उघडते. तिथे हाउलच्या बहिणीचे घर आहे, मोटार आहे, भाच्याचा संगणकावरचा खेळ आहे. मला तो भाग सगळ्यात जास्त आवडला होता आणि चित्रपटात तो नाहीच. सोफीची एक बहीण गायब आहे, पंधरा वर्षांचा मायकेल अगदीच लहान पोर झाला आहे आणि सुलिमान जादूगाराची चक्क बाई झाली आहे. लेखिकेने हे कसे चालू दिले? तिला राग आला नाही का? — इयत्ता नववीतील वाचक, सुदामानगर

उत्तर : तुझ्या तक्रारी मी दोन ढिगांत वेगळ्या करतो. बहीण, मायकेल आणि सुलिमान यांच्यासाठी मी भांडणार नाही. चित्रपट ११९ मिनिटांचा आहे आणि पडद्यावर येणाऱ्या प्रत्येक पात्राची प्रेक्षकाशी ओळख करून द्यावी लागते. कादंबरीत हाउलला जादू शिकवणारी वृद्ध बाई वेगळी आहे आणि बेपत्ता झालेला राजाचा जादूगार सुलिमान वेगळा आहे. दिग्दर्शकाने दोघांची मोट बांधून एकच पात्र केले. दोन तासांत गोष्ट बसवायची तर अशी काटछाट कोणालाही करावी लागली असती.

वेल्सचे तसे नाही. ते दार मियाझाकींनी समजून-उमजून दुसरीकडे वळवले. चित्रपटातही मुठीवर काळा रंग आहेच. तो फिरवला की दार उघडते ते अंधारात, जळणाऱ्या शहरांवरच्या आकाशात. मार्च २००३ मध्ये मियाझाकींच्या आधीच्या चित्रपटाला ऑस्कर मिळाले तेव्हा ते समारंभाला गेले नाहीत. इराकवर बॉम्ब टाकणाऱ्या देशात आपल्याला जायचे नव्हते, असे त्यांनी पुढे २००९ मध्ये सांगितले. नोव्हेंबर २००४ मध्ये जपानमध्ये प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाची घडण त्याच काळातली आहे. कादंबरीत युद्ध कडेकडेने येते, इथे ते मधोमध येऊन बसले, त्याचे कारण हे आहे.

आता एक गंमत पाहा. लेखिकेचा जन्म १९३४ चा, दिग्दर्शकाचा १९४१ चा. दोघांचेही बालपण दुसऱ्या महायुद्धाखाली गेले. १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा पाच वर्षांच्या डायनाला सुरक्षित राहावी म्हणून वेल्सला पाठवण्यात आले होते. मियाझाकींच्या वडिलांकडे लढाऊ विमानांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याचा कारभार होता आणि त्यांनी लहानपणी शहरावर होणारी बॉम्बफेक पाहिली. म्हणजे लेखिकेच्या पुस्तकातले काळे दार जिथे उघडते, तो प्रदेश तिला लहानपणी युद्धापासून दूर नेऊन ठेवण्याचा होता. दिग्दर्शकाचे तेच दार थेट युद्धात उघडते. दोघांनी हे ठरवून केले असे मी म्हणत नाही, पण हे ध्यानात आल्यापासून वेल्स गेल्याचा माझा राग बराच निवळला आहे. तुझा निवळलाच पाहिजे असा माझा आग्रह नाही.

लेखिकेला राग आला नाही. आपण पुस्तके लिहितो, चित्रपट नव्हे, तेव्हा चित्रपट वेगळा असणार आणि तो तसाच असायला हवा, अशी भूमिका त्यांनी आधीपासून घेतली होती आणि तो पाहिल्यावरही त्या प्रसन्नच होत्या. सगळ्या लेखकांचे असे होत नाही. हा चित्रपट करणाऱ्या ‘जिब्ली’ याच स्टुडिओने २००६ मध्ये अर्सुला ले ग्विन यांच्या ‘अर्थसी’च्या कथांवर चित्रपट केला, तो मियाझाकींचे चिरंजीव गोरो यांनी. हे माझे पुस्तक नाही, हा तुमचा चित्रपट आहे आणि तो चांगला आहे, असे त्यांना तोंडावर सौजन्याने सांगणाऱ्या ले ग्विन यांनी नंतर आपली नाराजी सविस्तर लिहून काढली. कथेतले पाप माणसाच्या आत असते, ते एका खलनायकाच्या अंगावर टाकून त्याला मारले की प्रश्न सुटला, असे कसे होईल, हा तिचा गाभा होता.

तुझ्या पत्रात जी तक्रार नाही, ती माझी सर्वांत मोठी आहे. पुस्तकातल्या सोफीला वाचासिद्धी आहे. दुकानात एकटीच बसून ती टोप्यांशी बोलते, अमुक टोपीला श्रीमंत नवरा मिळेल असे म्हणते, आणि ती टोपी घालणारीचे तसेच होते. काठीशी बोलली तर काठीत जीव येतो. आपल्याजवळ काही आहे हे तिचे तिलाच शेवटपर्यंत कळत नाही, आणि जिने थोरली म्हणून स्वतःला कवडीमोल मानले, तिच्या तोंडचा शब्द खरा होतो, यातच त्या कादंबरीचा जीव आहे. चित्रपटाने ही विद्या जवळजवळ काढून घेतली. शेवटी हाउलचे हृदय त्याला परत देताना कॅल्सिफर हजार वर्षे जगो, असे ती म्हणते, तेवढीच काय ती खूण उरली आहे. पडद्यावरची सोफी प्रेमळ आणि कष्टाळू आहे, सगळ्यांना सांभाळून घेते. पण तिच्या जिभेचे सामर्थ्य गेले आणि त्याच्या जागी एक चुंबन आले. हा सौदा मला मान्य नाही.

प्रश्न : नातीबरोबर मी चित्रपट पाहिला आणि तो इतका भावला की नंतर पुस्तक मागून वाचले. पण पुस्तकात माणसांची दाटी फार, धागे एकमेकांत अडकलेले, नायक तर डोक्यात जातो. पुस्तकाहून चित्रपट चांगला म्हटले की नात आणि तिच्या मैत्रिणी माझ्याकडे अडाणी म्हणून पाहतात. माझे चुकते आहे काय? — निवृत्त शिक्षिका, रामबाग

उत्तर : मुळीच नाही. सोफीच्या मनात काय चालले आहे ते लेखिका सांगू शकते. चित्रपटाला ते चेहऱ्यावरच दाखवावे लागते, आणि इथे तर चेहराच शापित आहे. कादंबरीत सोफी शेवटपर्यंत म्हातारीच राहते. चित्रपटात ती झोपली की तरुण दिसते, पोटतिडकीने बोलू लागली की सुरकुत्या विरघळतात, आणि स्वतःला कुरूप म्हणताक्षणी त्या पुन्हा उमटतात. मूळ जपानी चित्रपटात तरुण आणि वृद्ध अशा दोन्ही सोफींना चिएको बाइशो या एकाच अभिनेत्रीने आवाज दिला आहे, त्यामुळे हे चढउतार कानालाही जाणवतात. यात विपर्यास काही नाही. आपण शाप उतरवायचा प्रयत्न केला होता, पण तिलाच हे सोंग आवडत असावे असे वाटले, अशा अर्थाचे हाउल पुस्तकातही बोलून जातो. लेखिकेने एका संवादात उरकलेली गोष्ट दिग्दर्शकाने दोन तास डोळ्यांपुढे ठेवली.

तरीही पुस्तकाचे पहिले प्रकरण पुन्हा एकदा वाचावे, अशी विनंती आहे. तीन बहिणींत थोरली असणे हे त्या देशात दुर्दैव मानले जाते, कारण परीकथेत नशीब काढायला निघालेली थोरली सर्वांत आधी तोंडघशी पडते. शिवामुठीच्या कहाणीत तीन आवडत्या सुना बाजूला राहतात आणि देव पावतो तो नावडतीला, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. तेव्हा या थट्टेतली खोच आपल्याला नातीपेक्षा लवकर कळेल. शिक्षिका या नात्याने तिला ती समजावूनही सांगता येईल, म्हणजे अडाणीपणाचा शिक्का परस्पर पुसला जाईल.

प्रश्न : माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. बॉम्ब टाकणारी विमाने आणि हाउलचे पिसांनी भरलेले ते भयंकर रूप पाहून तो घाबरला. कार्टून म्हणून नेले, तर हे निघाले. — एक आई, अन्नपूर्णा मार्ग

उत्तर : हाताने रंगवलेली चित्रे म्हणजे बालवाडीचा माल, हा समज फार जुना आहे. रिचर्ड ॲडम्स यांच्या सशांच्या कादंबरीवरचा १९७८ चा ‘वॉटरशिप डाउन’ हा चित्रपट रक्तपाताने भरलेला असूनही ब्रिटनमध्ये ‘सर्वांसाठी’ या वर्गात होता. पालकांच्या तक्रारी वर्षानुवर्षे येत राहिल्या आणि अखेर २०२२ मध्ये त्याला ‘पालकांच्या मार्गदर्शनाखाली’ या वर्गात टाकण्यात आले. आपल्या मुलाला दोन-तीन वर्षांनी पुन्हा दाखवावा. तोवर कॅल्सिफरवर अंडी-बेकन शिजते तेवढा प्रसंग घरी लावून द्यावा. तो मुलांना हमखास आवडतो.

प्रश्न : मला लेखिकेला पत्र लिहायचे आहे. याचे पुढचे भाग आहेत का? त्यांचेही चित्रपट आले का? — इयत्ता पाचवीतील वाचक, लोकमान्य नगर

उत्तर : ‘कॅसल इन द एअर’ १९९० मध्ये आणि ‘हाउस ऑफ मेनी वेज’ २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्हींत हाउल आणि सोफी भेटतात, पण लगेच नाही, आणि दर वेळी सरळ रूपात भेटतील असेही नाही. शोधण्याची मजा मी घालवत नाही. या दोन भागांवर त्या स्टुडिओने चित्रपट केलेले नाहीत. त्याच लेखिकेच्या ‘इअरविग अँड द विच’वर मात्र २०२० मध्ये गोरो मियाझाकींनी चित्रपट केला. तो हाताने रंगवलेल्या चित्रांऐवजी संपूर्णपणे संगणकावर घडवलेला असल्याने स्टुडिओच्या जुन्या चाहत्यांनी त्याच्यावर सडकून टीका केली. पुस्तक छोटे आहे, ते आधी वाच.

पत्र मात्र आता पोहोचणार नाही, कारण जोन्स मार्च २०११ मध्ये गेल्या. एवढे तुला सांगतो की ही कादंबरीच एका मुलामुळे लिहिली गेली. त्या एका शाळेत गेल्या असता त्याने ‘चालता किल्ला’ या नावाचे पुस्तक लिहा, असे त्यांना सुचवले. त्यांनी त्याचे नाव लिहून घेतले आणि तो कागद इतक्या सुरक्षित जागी ठेवला की पुढे तो त्यांना सापडेचना. पुस्तकाच्या आरंभी त्यांनी हे प्रांजळपणे कबूल केले आहे. तुझे पत्र मी फाइलला टाचून ठेवले आहे.