परदेशात हात आखडता ठेवून नीट जेवायचं कसं?

तुझे प्रश्न एकत्र करून उत्तर देते. शिकायला बाहेर चालली आहेस, महिन्याची रक्कम ठरलेली आहे, स्वयंपाक जेमतेम येतो, आणि दोन देशांतून होकार आले असले तरी कुठं जायचं ते अजून पक्कं नाही. तुला विचारायचंय ते असं: किराणा परवडेल असा कसा आणायचा, आणि रोज काहीतरी उकडलेलं बेचव गिळायची वेळ येऊ नये म्हणून काय करायचं. देश ठरलेला नाही, तेव्हा दुकानांची नावं आणि भाव यात शिरत नाही. कुठंही गेलीस तरी उपयोगी पडेल तेवढंच लिहिते.

आधी गुणाकार थांबव. वस्तू हातात घेतली की तिची किंमत मनातल्या मनात घरच्या पैशांत करून बघायची सवय सगळ्यांनाच लागते. त्यानं होतं काय, की भाजी महाग वाटते म्हणून ठेवून दिली जाते, स्वस्तातलं पाकिटबंद काहीतरी पिशवीत पडतं, आणि दोन दिवसांनी भुकेपोटी बाहेर जेवून त्या भाजीच्या कितीतरी पट पैसे जातात. त्यापेक्षा तिथल्या चलनात आठवड्याची एक रक्कम ठरव. महिन्याची नको. महिन्याचा हिशेब चुकला तर ते कळेपर्यंत पंचवीस तारीख उजाडते. आठवड्याचा चुकला तर पुढच्या आठवड्यात भरून काढता येतो.

पैसा नेमका जातो कुठं, हे पहिल्या महिन्याच्या पावत्या जपून ठेवल्यास की तुझं तुलाच दिसेल. जे फेकून दिलं त्याच्यावर पेनानं गोल कर. माझा अंदाज असा, की सगळ्यात मोठी गळती तू दमून घरी येतेस आणि तयार काही नसतं त्या संध्याकाळी होते. त्याच्या खालोखाल कचऱ्याचा डबा. दुकानात दोन नाणी वाचवण्यासाठी लोक शहरभर हिंडतात आणि या दोन गोष्टींकडे बघतही नाहीत.

आता दुकान. फळीवरच्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात पाकिटाची किंमत असते आणि खाली बारीक अक्षरात किलोचा किंवा लिटरचा भाव. तू फक्त बारीक अक्षरं वाचायची. युरोपियन संघात हा भाव लिहिणं 1998 च्या एका निर्देशापासून बंधनकारक आहे. इतरत्र नसेल तर फोनवर भागाकार करायचा. मोठं पाकीट दर वेळी स्वस्त पडतंच असं नाही, हे दुकानदारालाही ठाऊक असतं. पौंड-औंसवाल्या देशात गेलीस तर पौंड म्हणजे 454 ग्रॅम आणि औंस म्हणजे 28 ग्रॅम एवढं पाठ असू दे. डब्यातल्या कडधान्यांच्या बाबतीत आणखी एक मेख आहे. चारशे ग्रॅमच्या डब्यातलं पाणी काढून टाकलं की हाती साधारण 240 ग्रॅम दाणे उरतात. तेवढे शिजलेले दाणे व्हायला कोरडे जेमतेम शंभर ग्रॅम पुरतात. म्हणजे डब्याची तुलना शंभर ग्रॅम कोरड्या कडधान्याच्या किमतीशी करायची. ती केलीस की डबा फक्त घाईच्या दिवसासाठी ठेवशील.

नजरेच्या पातळीवर बहुतेक वेळा दुकानाला खपवायचा असतो तो माल असतो. खालच्या फळीशी वाकून बघ, दुकानाच्या स्वतःच्या छापाचं मीठ, साखर, पीठ, तांदूळ, ओट्स तिथं सापडतील. मीठ ते मीठच, वरच्या चित्राचे पैसे कशाला द्यायचे? मसाले मात्र मोठ्या दुकानातल्या काचेच्या इवल्याशा बाटल्यांतून घेऊ नकोस. जवळपास कुठल्याही स्थलांतरितांचं दुकान शोध, मग ते तुझ्या देशाच्या लोकांचं असो वा नसो. जिरे, मिरी, धणे, तिखट, डाळी हे जगातल्या कितीतरी स्वयंपाकघरांत लागतं, आणि अशा दुकानांत ते पिशवीनं मिळतं. तिथं गेलीस की फराळाच्या फळीपासून लांब राहा. घरची आठवण तिथं भाव वाढवून विकली जाते.

संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या सुमारास उतरलेल्या किमतीच्या चिठ्ठ्या लागतात. तो माल घ्यावा, पण आज रात्री शिजवणार असशील किंवा घरी गेल्या गेल्या फ्रीझरमध्ये टाकणार असशील तरच. तारखांचं म्हणशील तर अनेक देशांत त्या दोन प्रकारच्या असतात. ‘बेस्ट बिफोर’ चवीची आणि दर्जाची असते. ती उलटली तरी तांदूळ किंवा बिस्किटं लगेच वाईट होत नाहीत, वास घेऊन आणि बघून ठरवता येतं. ‘यूज बाय’ मात्र मांस-मासळीसारख्या नाशिवंत मालावर असते आणि ती पाळायचीच, तिथं नाकावर भरवसा नाही.

गोठवलेल्या भाजीला नाक मुरडणारे पुष्कळ भेटतील. मटार, पालक, फरसबी काढणीनंतर लवकरच गोठवतात, त्यामुळे पोषण चांगलं टिकतं आणि दुकानात चार दिवस पडून असलेल्या ‘ताज्या’ भाजीपेक्षा ती कमी नसते. शिवाय मूठभर काढून बाकीची परत ठेवता येते. एकट्या माणसाला हा फार मोठा फायदा आहे. ताजी घ्यायची ती हंगामातली, आणि कोबी, गाजर, कांदा, बटाटा यांसारखी टिकाऊ. पालेभाजी आणलीस तर पहिल्या दोन दिवसांत संपव. केळी आणि सफरचंदांतून इथिलीन वायू सुटतो, त्यांच्या शेजारी ठेवलेला पाला लवकर पिवळा पडतो. आलं सालीसकट गोठवून ठेव, लागेल तसं तसंच किसता येतं.

आता चुलीशी. आठवड्यातला एक दिवस दोन तास काढ आणि एक मोठं भांडंभर काहीतरी शिजव. बहुतेकांचं चुकतं ते इथं: एकच मोठी आमटी किंवा करी करून ठेवतात आणि तिसऱ्या दिवशी ती बघवत नाही. तू कडधान्य किंवा डाळ फक्त मीठ घालून, साधी शिजव. निम्मी वाटण्या करून गोठव. मग जेवायच्या वेळी एक वाटी काढून आज कांदा-लसणावर परतायची, उद्या टोमॅटोत शिजवायची, परवा थंडच ठेवून वर काकडी आणि लिंबू. मूळ शिजवण एकच, पण ताटात रोज वेगळं. दमून आलेल्या संध्याकाळी वीस मिनिटांत जेवण होतं, आणि ती बाहेर खाण्याची संध्याकाळ टळते ती अशी.

प्रेशर कुकर न्यायचाच किंवा तिथं घ्यायचाच. आत पाणी 100 ऐवजी साधारण 120 अंशांपर्यंत तापतं, म्हणून भिजवलेलं कडधान्य तासाऐवजी काही मिनिटांत शिजतं आणि इंधनही वाचतं. तिथं कुणी मंद आचेचा विजेचा स्लो कुकर देऊ करेल. तो चांगला आहे, पण त्यात लाल राजमा कच्चा टाकू नकोस. राजम्यात लेक्टिन नावाचं एक विषारी प्रथिन असतं, ते मंद आचेवर नष्ट होत नाही आणि उलट्या-जुलाब होतात. भिजवलेलं पाणी फेकून, नव्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळून उकळायचा, मग पुढचं.

शिळ्या भाताबद्दलही सांगून ठेवते. तांदळातल्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवूनही तगतात, आणि भात तासन्‌तास ओट्यावर राहिला तर ते वाढून विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम करून जात नाही. भात पसरट भांड्यात काढून लवकर निववायचा, तासाभरात फ्रिजमध्ये ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी संपवायचा. फ्रिज 5 अंशांच्या खाली आणि फ्रीझर उणे 18 वर आहे ना, हे भाड्याच्या घरात पहिल्याच दिवशी बघून घे. जुन्या फ्रिजांची बटणं कुणीतरी कधीतरी फिरवून ठेवलेली असतात. दूध दारात ठेवू नकोस, ती फ्रिजमधली सगळ्यात उबदार जागा.

बेचव खाण्याची तुला जी भीती आहे, तिच्यावर महागडा उपाय लागत नाही. कांदा खरोखर तांबूस होईपर्यंत परतायचा, पाच मिनिटांत उरकायचा नाही. मसाला गरम तेलात फुलू द्यायचा, कारण त्यातली बरीचशी गंधद्रव्यं तेलात विरघळतात, पाण्यात नाही. आणि उतरवताना काहीतरी आंबट: लिंबू, दही, साधं व्हिनेगर, जे असेल ते. अन्न फिकं लागलं की आपण मीठ वाढवतो, पण पुष्कळदा कमी असतं ते आंबट. मसाले अख्खे घे आणि थोडे थोडे कुट, पूड लवकर वास टाकते. पैसे सैल सोडायचेच असतील तर मी म्हणेन एका बऱ्या तेलावर आणि एका धारदार सुरीवर सोड. आणि हो, परतताना खिडकी उघड आणि पंखा लाव. धुराचा भोंगा वाजला की अख्खी इमारत रस्त्यावर येते, आणि काही ठिकाणी त्याचा दंडही भरावा लागतो.

घरातल्या मैत्रिणींबरोबर तेल, मीठ, कांदे, साखर सामायिक ठेवा. बाकीचं ज्याचं त्यानं. रोजचा स्वयंपाक एकत्र करायचा बेत पहिल्या आठवड्यात फार गोड वाटतो, परीक्षा आली की त्याच भांड्यांवरून अबोला होतो.

सामानात काय न्यायचं, याचं थोडक्यात: अडॅप्टरनं फक्त पिनांचा आकार बदलतो, दाब नाही. 230 व्होल्टचा मिक्सर 120 व्होल्टच्या देशात नीट चालणार नाही. भांडी घ्यायची तर बुडाला लोहचुंबक चिकटतं का बघून घे, नाहीतर इंडक्शनच्या शेगडीवर ती निरुपयोगी. दूध, मांस, ताजी फळं, बिया पुष्कळ देश आत येऊ देत नाहीत, आणि जे नेशील ते विमानतळावर फॉर्मवर लिहायचं.

पहिल्या महिन्यासाठी ठरवलेल्या रकमेच्या दुप्पट बाजूला ठेव. तेल, मसाले, डबे, सुरी, कुकर हे सगळं एकदमच घ्यावं लागतं, आणि तो आकडा बघून घाबरू नकोस, पुढच्या महिन्यात तो खाली येतो. देश ठरला आणि घरात शेगडी कुठली आहे ते कळलं की सांग, भांड्यांची नेमकी यादी तेव्हा करून देते.