पेट स्कॅनमधला ‘फास्ट’ क्रिस्टल

प्रश्न : सर, गेल्या महिन्यात आईचा पेट स्कॅन केला. टेक्निशियन म्हणाला नवीन मशीन आहे, क्रिस्टल एकदम फास्ट आहेत. पण इंजेक्शन देऊन आईला तासभर नुसतं बसवून ठेवलं, मग फास्ट काय झालं? – एक वाचक, सांगली

उत्तर : तो तास मशीनचा नाहीच हो. इंजेक्शनमध्ये फ्लोरिन-१८, म्हणजे किरणोत्सारी फ्लोरिन, जोडलेली साखर असते, ती पेशींनी ओढून घेईपर्यंत थांबावंच लागतं, मशीन कुठलंही असो.

टेक्निशियन बोलत होता ते नॅनोसेकंदांबद्दल, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाबद्दल. त्या फ्लोरिनमधून पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचा उलट विद्युतभाराचा जोडीदार) निघतो, इलेक्ट्रॉनला भेटतो, दोघंही संपतात आणि दोन गॅमा किरण एकमेकांच्या उलट दिशेला सुटतात. पेशंटभोवती क्रिस्टलचं कडं असतं, गॅमा अडला की क्रिस्टल चमकतो. समोरासमोरच्या दोन क्रिस्टलमध्ये जवळजवळ एकाच वेळी चमक झाली की मशीनला एवढंच कळतं की मधल्या रेषेवर कुठेतरी काहीतरी झालं. नक्की कुठे? तर कुठला किरण आधी पोचला त्यावरून. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो, म्हणजे २०० पिकोसेकंदांत (हजार पिकोसेकंदांचा एक नॅनोसेकंद) ६ सेंटिमीटर. पण किरण दोन, उलट दिशांना जाणारे, म्हणून वेळेत तेवढी चूक झाली तर जागेत त्याच्या निम्मी, ३ सेंटिमीटरची. आजची चांगली मशीन साधारण इथवर आलीयत. १० पिकोसेकंद जमलं तर दीड मिलिमीटर, सध्या सगळी धडपड त्यासाठीच चाललीय.

अडचण क्रिस्टलची आहे. जुन्या मशीनमधला बीजीओ, म्हणजे बिस्मथ जर्मेनेट, जड असल्यामुळे गॅमा अडवायला मस्त, पण त्याचा प्रकाश ३०० नॅनोसेकंद झिरपत राहतो, मग किरण नेमका कधी पोचला ते धड कळत नाही. आपण मंद माणसाला ट्यूबलाइट म्हणतो ना, तसलाच प्रकार. नंतर ल्युटेशियमचा एलएसओ आला, तो ४० नॅनोसेकंदांत आटपतो आणि उजेडही भरपूर देतो. बेरियम फ्लोराइडची पहिली चमक तर एका नॅनोसेकंदाच्या आत येते, पण ती अतिनील, नेहमीच्या सेन्सरना धड दिसत नाही आणि मागून रेंगाळणारा प्रकाश येतोच. प्लॅस्टिकही फास्ट, पण इतकं हलकं की बरेचसे गॅमा आरपार निघून जातात!

म्हणून आता दोघांचं लग्न लावतायत. बीजीओच्या पातळ पट्ट्या आणि मधे फास्ट प्लॅस्टिक असे थरावर थर. गॅमा बीजीओत अडतो, तिथून उडालेला इलेक्ट्रॉन शेजारच्या प्लॅस्टिकमध्ये घुसतो आणि पटकन चमक देतो. दर वेळी घुसतोच असं नाही, तिथेच तर घोडं अडलंय.

आणि गंमत म्हणजे बीजीओला एकट्यालाही परत बोलावलंय. त्यात इलेक्ट्रॉन प्रकाशापेक्षा जोरात पळतो (क्रिस्टलमध्ये प्रकाश मंदावतो म्हणून हे जमतं), तेव्हा चेरेनकोव्ह नावाचा प्रकाश तत्क्षणी निघतो. फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, अगदी मोजके, पण सेन्सर चांगला असेल तर तेवढेही पकडता येतात.

आता आईला फायदा काय? जागा जितकी नेमकी कळते तितकी चित्रातली खरखर कमी, मग डोस तरी कमी लागतो नाहीतर टेबलावर कमी वेळ झोपावं लागतं. अंगाने जाड पेशंटना हा फायदा जास्त. आई बारीक असतील तर तुम्हाला फारसा फरक जाणवला नसेलही.