शंभर यार्ड कुठून मोजायचे?

प्रश्न : आमची जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंत आहे. फाटकाबाहेरच्या वळणावर पानटपरी आहे. तंबाखूच्या पुड्यांच्या माळा लटकलेल्या असतात, सुट्या सिगारेटीही मिळतात. टपरीवाला म्हणतो, ‘मोजून बघा, शंभर यार्डांच्या बाहेर आहे.’ पोलिसांनी एकदा दोनशेची पावती फाडली, संध्याकाळी पुन्हा तेच. आमची मुलं वडिलांसाठी पुड्या आणायला तिथंच जातात. आम्ही आणखी काय करायचं?
– एक मुख्याध्यापिका, सातारा जिल्हा

उत्तर : बाई, आधी टेप काढा. शाळेभोवती शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला बंदी आहे, आणि शंभर यार्ड म्हणजे 91 मीटर 44 सेंटीमीटर. ते कुठून मोजायचे, यावरच सगळं अडतं. जिल्हा रुग्णालयाच्या तंबाखू नियंत्रण कक्षात मी समुपदेशक होते. पथकाबरोबर पहिल्यांदा गेले ती अशाच एका वळणावरच्या टपरीवर. आम्ही शाळेच्या फाटकापासून रस्त्यानं मोजलं, 104 मीटर भरले, आणि हात हलवत परत आलो. रात्री घरी नियम पुन्हा वाचला. अंतर फाटकापासून नाही, कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून मोजायचं. रस्त्यानं नाही, त्रिज्येनं, म्हणजे सरळ रेषेत. ती टपरी मैदानाच्या मागच्या भिंतीपासून 52 मीटरवर होती. माझ्या त्या चुकीमुळे तिला आणखी तीन आठवडे मिळाले. ते मला अजून खुपतं.

मध्ये एखादं घर आडवं येत असेल तर काटकोनात दोन बाजू मोजा आणि कर्ण काढा. पायथागोरसचा सिद्धांत सातवीच्या पुस्तकात आहेच. शाळेपासून शंभर यार्डांवर पिवळी रेषा मारायची असते, ती आखायला मुलांना जरूर घ्या. तक्रारीत मात्र त्यांना ओढू नका. टपरीवाल्याची पोरंही बहुधा तुमच्याच वर्गात असतील.

दुसरं, तुमच्या भिंतीवर फलक आहे का? शंभर यार्डांच्या आत तंबाखूविक्रीला बंदी आहे, असा फलक लावणं ही शाळेची जबाबदारी आहे. तो नसेल तर पंचनाम्याच्या वेळी पहिलं बोट तुमच्याकडेच वळतं.

मग लेखी अर्ज द्या. तोंडी सांगितलेलं ठाण्यात टिकत नाही. एक अर्ज पोलीस ठाण्यात, एक जिल्हा रुग्णालयातल्या तंबाखू नियंत्रण कक्षात. दोन्हीकडून शिक्क्यानिशी पोच घ्या. माल पुन्हा लटकला की पुन्हा अर्ज, मागच्या पावतीच्या तारखेसह. तंबाखू नियंत्रणाचा कायदा 2003 सालचा आहे आणि तेव्हाचा दोनशेचा दंड आजही दोनशेच आहे. दुकानदार तो एका सकाळीत भरून काढतो. म्हणून मी नेहमी वेगळंच विचारते : टपरी उभी आहे ती जागा कुणाची? रस्त्याकडेची असेल, गायरान असेल, तर शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव करून विषय ग्रामसभेत न्या. जागा हलवायची वेळ आली की टपरीवाला बोलायला बसतो. तेव्हा त्याच्याशी नीट बोला. वह्या-पेनं, शेंगदाण्याची चिक्की, चहा यावर टपरी चालते, चाललेली मी पाहिली आहे. त्याचं पोट मारणं हा आपला हेतू नाही, हे त्याला तुमच्या तोंडून कळू द्या.

सुट्या सिगारेटीचा मुद्दा अर्जात वेगळा लिहा. महाराष्ट्रात सुटी सिगारेट आणि सुटी बिडी विकायला सप्टेंबर 2020 पासून बंदी आहे, मग टपरी शाळेपासून मैलभर लांब का असेना. पाकिटाच्या 85 टक्के भागावर धोक्याचा इशारा असतो, सुट्या सिगारेटीवर काहीच नसतो. शिवाय पोराच्या खिशात पाकिटाचे पैसे नसतात, एकीचे असतात.

आता वडिलांचं. हे सगळ्यात अवघड, आणि मला सगळ्यात जास्त लागतं ते हेच. एका टपरीशेजारी आम्ही साध्या कपड्यांत उभे होतो. चौथीतला एक मुलगा आला, दप्तर पाठीलाच. त्यानं मूठ उघडून नाणी फळीवर ठेवली. दुकानदारानं तंबाखूची पुडी आणि चुन्याची ट्यूब त्याच्या हातात दिली. दोघांपैकी कुणी एक शब्द बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती, रोजचं गिऱ्हाईक होतं.

‘वडिलांसाठी नेतो’ ही सबब कायद्यात नाही. अठराच्या आतल्या कुणालाही तंबाखू विकणं गुन्हा आहे. गिऱ्हाईक सज्ञान होतं हे सिद्ध करायची जबाबदारी दुकानदारावर आहे. दुपारी जेवायला जाताना तो आपल्या शाळकरी पोराला गल्ल्यावर बसवत असेल तर तेही चालत नाही. शिवाय बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 77 प्रमाणे मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. पालकसभेत हे कलम मोठ्यानं वाचा. बापांना एवढंच सांगा : तुमची पुडी तुम्ही आणा.

प्रश्न : मी रोज एसटीनं कॉलेजला जाते. स्थानकात फलाटावर लोक बिड्या ओढतात. कंट्रोलर म्हणतात, ‘ही उघडी जागा आहे, आम्ही काही करू शकत नाही.’ खरं आहे का?
– एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : नाही. 2 ऑक्टोबर 2008 पासूनच्या नियमांत बसस्थानक, रेल्वे स्थानक, स्टेडियम ही उघडी असली तरी सार्वजनिक ठिकाणंच धरली आहेत. तक्रार कुणाकडे करायची त्याचं नाव तिथं ठळक लावलेलं असायला हवं. ते शोध, आणि नसेल तर तेच पहिल्यांदा तक्रार पुस्तकात लिही. तक्रार येऊनही प्रमुखानं काही केलं नाही, तर जितके गुन्हे तितका दंड त्याच्यावर बसू शकतो. एकटीनं ओढणाऱ्याशी वाद घालू नकोस. चार मैत्रिणींच्या सह्या घे.

प्रश्न : सासूबाई दिवसातून चार वेळा मिश्री लावतात. धूम्रपानाला बंदी, मग याला का नाही?
– एक वाचक, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : सार्वजनिक ठिकाणी बंदी घालणारं कायद्यातलं कलम फक्त धुराचं आहे. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात शंभरातले साधारण चार प्रौढ धूम्रपान करणारे आणि चोवीस जण बिनधुराचा तंबाखू वापरणारे निघाले. म्हणजे आपल्याकडचं दुखणं बहुतेक तोंडातच आहे आणि ते कलम तिथपर्यंत पोचत नाही. गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, त्याची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. पण घरातल्या मिश्रीच्या डबीवर कुणी पथक येणार नाही.

माझी आईही मिश्री लावायची. तव्यावर तंबाखू भाजायला घेतला की घरभर ठसका उठायचा. दटावून तिनं कधी सोडली नाही. दात दुखतो म्हणून मी तिला तपासायला नेलं, तिथून सुरुवात झाली. तुम्हीही तसंच करा. त्यांना तोंड पूर्ण उघडायला सांगा. त्यांचीच तीन बोटं उभी आत जातात का? गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसते का? बोटं जात नसतील किंवा असं काही दिसलं, तर जिल्हा रुग्णालयाच्या दंत विभागात लगेच न्या. सोडायचं मनात आलं तर 1800-11-2356 हा मोफत क्रमांक आहे. फोन तुम्ही लावून द्या, बोलू दे मात्र त्यांनाच.