तुमचे प्रश्न : एआयच्या वर्गातून मुली का गळतात?

प्रश्न : ताई, आमच्या कॉलेजात सर्व शाखांसाठी एआयचा मोफत वर्ग सुरू केला. नावनोंदणीत निम्म्या मुली होत्या. तिसऱ्या तासापासून त्या गळू लागल्या, कला-वाणिज्यची मुलंही गेली. उरले ते कॉम्प्युटरवालेच. सहकारी म्हणतात, ज्याला झेपत नाही तो जाणारच. खरंच तसं आहे का?
— एक प्राध्यापक

उत्तर : सर, आधी एक आठवून बघा. पहिल्या तासाला वर्गात बोलत कोण होतं? माझा अंदाज, पुढच्या बाकावरचे तिघं-चौघं, शाळेपासून कोडिंग करत आलेले. ते मोठमोठे शब्द फेकतात, आपल्यालाही बरं वाटतं की चला, कुणीतरी बोलतंय, आणि तास त्यांच्या वेगाने पळतो. मागे बसलेली मुलगी समजते की हे सगळ्यांना येतं, फक्त मलाच येत नाही. पुढच्यांच्या गाठीला काही वर्षांची सवय आहे, हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं. सवयीला हुशारी समजणं हा आम्हा शिकवणाऱ्यांचा जुनाच रोग.

त्यावर इलाज झालेले आहेत. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९५ साली संगणकशास्त्राला नव्याने येणाऱ्यांत मुली ७ टक्के होत्या. २००० साली ४२ टक्के. जेन मार्गोलिस आणि ॲलन फिशर या संशोधकांनी तिथल्या विद्यार्थ्यांशी वर्षानुवर्षं बोलून गळतीची कारणं शोधली. मग प्रवेश देताना आधीच्या कोडिंगला दिलं जाणारं वजन कमी झालं, सुरुवातीचे वर्गही अनुभवानुसार वेगळे झाले. अमेरिकेतल्याच हार्वे मड कॉलेजनेही नवख्यांची तुकडी वेगळी काढली आणि पहिल्या कोर्सला जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेऐवजी नवख्यांना सोपी जाणारी पायथन आणली. मला तिथली आणखी एक गोष्ट फार आवडते. सतत हात वर करणाऱ्या विद्यार्थ्याला शिक्षक बाजूला घेऊन सांगत, तुझ्याशी बोलायला मजा येते, पण हे आपण तासानंतर बोलू. मुलगा दुखावला जात नाही आणि वर्ग मोकळा होतो. याला एक पैसा लागत नाही, उद्यापासून करा.

गणिताची भीती हे दुसरं कारण. जेरेमी हॉवर्ड आणि रेचल थॉमस यांच्या 'फास्ट डॉट एआय' या मोफत कोर्समध्ये सुरुवातीलाच चित्रं ओळखणारं मॉडेल, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारा प्रोग्राम, चालवायला देतात. आत काय घडतं ते पुढे हळूहळू उलगडतं. पुढे मॅट्रिक्सचं, म्हणजे आकड्यांच्या चौकटींचं, गणित टाळता येत नाही, हे मात्र मुलांना प्रामाणिकपणे सांगा. आणि गृहपाठ असा द्या की तो 'गूगल कोलॅब'वर, म्हणजे साध्या ब्राउझरमध्ये होईल. घरी महागडी मशीन असलेल्यालाच पुरे करता येणारा गृहपाठ म्हणजे छुपी प्रवेशपरीक्षाच.

प्रश्न : गणित सगळ्यांना सारखंच असतं. मग एआय शिकणाऱ्यांत विविधता हवी, हा आग्रह कशाला?
— एक इंजिनिअर

उत्तर : गणित सारखंच, पण मॉडेल तपासायचे फोटो माणूसच निवडतो. संशोधक जॉय बुओलाम्विनी अमेरिकेतल्या एमआयटीत शिकत असताना चेहरे ओळखणाऱ्या एका सॉफ्टवेअरला तिचा सावळा चेहरा दिसेना. पांढरा मुखवटा चढवल्यावर दिसला. पुढे २०१८ साली तिने आणि टिमनिट गेब्रू या संशोधिकेने चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे ठरवणाऱ्या तीन व्यावसायिक प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांबाबत जास्तीत जास्त ०.८ टक्के चुका, गडद वर्णाच्या स्त्रियांबाबत ३४.७ टक्क्यांपर्यंत! सगळ्यांची सरासरी काढली की ही दरी बुजून जाते. वर्ण आणि लिंग एकत्र धरून आकडे वेगळे काढावेत, हे सुचलं ते ज्यांचे चेहरे ओळखण्यात यंत्र चुकत होतं त्यांना. तुमच्या टीमचं मॉडेल '९५ टक्के अचूक' असेल, तर उरलेले पाच टक्के कोण, ते एकदा काढून बघा आणि मला लिहा.