इस्लामच्या अभ्यासाला निघालेल्या विद्यार्थिनीस

प्रिय विद्यार्थिनीस,

सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतल्या सरकारी विद्यापीठात, तेही धर्म-अध्ययन विभागात, इस्लामवर पीएच.डी. करायला निघालीस, याचा मनापासून आनंद झाला. "मी मुसलमान आहे, याचा तिथे फायदा होईल की अडचण?" असं तू विचारलंस. थोडं दोन्ही होईल. पण आधी त्या विभागांची घडण समजून घे.

1963 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतलं सक्तीचं बायबल-वाचन घटनाबाह्य ठरवलं. त्याच निकालात, कुणावर श्रद्धा न लादता धर्माचा अभ्यास करायला हरकत नाही, असंही स्पष्ट केलं. सरकारी विद्यापीठांत हे विभाग वाढले ते मुख्यतः त्यानंतर. त्यामुळे वर्गात तू श्रद्धेची वकिली करायची नाहीस आणि तिच्यावर खटलाही चालवायचा नाहीस.

श्रद्धा असणं हा तिथे दोष नाही. पाकिस्तानी इस्लाम-अभ्यासक फझलुर रहमान श्रद्धावान होते आणि कुराणाचा ऐतिहासिक संदर्भ तपासण्याचा आग्रहही धरत. त्यापायी पाकिस्तानात इतका विरोध झाला की 1968 मध्ये त्यांना तिथल्या इस्लामी संशोधन संस्थेचं संचालकपद सोडावं लागलं. पुढे शिकागो विद्यापीठात त्यांनी शेवटपर्यंत शिकवलं. उलट धर्मांचे अभ्यासक विल्फ्रेड कँटवेल स्मिथ ख्रिस्ती, लाहोरमध्ये शिकवून आलेले. त्यांनी 1952 मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात इस्लाम-अध्ययनाची संस्था काढली आणि मुसलमान व बिगर-मुसलमानांनी तिथे एकत्र अभ्यास करावा, असा आग्रह धरला. दोघांचंही लेखन वाच.

खरी अडचण वेगळीच आहे. पुष्कळ विभागांत इस्लामसाठी एकच प्राध्यापक असतो. चौदाशे वर्षं, मोरोक्कोपासून इंडोनेशियापर्यंतचा पसारा आणि शिकवणारा एकटा. त्यात 2001 मधल्या अमेरिकेवरच्या दहशतवादी हल्ल्यांनंतर कुठलीही बातमी आली की वर्ग त्याच्याकडेच वळतो: "इस्लाम याबद्दल काय सांगतो?" तू मुसलमान म्हटल्यावर तुझ्याकडे तर हमखास वळेल. हा प्रश्न आहे तसा अंगावर घेऊ नकोस, हे मी तुला अगदी कळकळीने सांगतो. कोणत्या शतकातले, कोणत्या मुलखातले, कोणत्या परंपरेतले मुसलमान, असं आधी विचारायला लाव. अब्जावधी माणसांची प्रवक्ती होण्यासाठी तुला कुणी नेमलेलं नाही.

आपल्याच दख्खनचं उदाहरण घे. विजापूरच्या सूफींच्या परंपरेत दखनी भाषेत चक्कीनामे रचले गेले, बायांनी दळताना म्हणायचे. त्यातल्या एकात जात्याचा खुंटा अलिफसारखा, म्हणजे अल्लाच्या नावातल्या पहिल्या अरबी अक्षरासारखा, सरळ उभा, म्हणून तो अल्ला. मधली खीळ म्हणजे मुहम्मद. पीठ पडत राहतं आणि तोंडाने अल्लाचं नाव चालू राहतं. इस्लाम दख्खनच्या घराघरांत कसा पोचला, हे अशा ओळींतून दिसतं. नुसत्या फतव्यांच्या संग्रहांतून नाही दिसायचं. जात्यावरच्या ओव्या ऐकत वाढलेली तू ते सहज ओळखशील. श्रीगोंद्याच्या संतकवी शेख महंमदांचा 'योगसंग्राम' हा ग्रंथ तर तू मूळ मराठीतच वाचू शकतेस. या सामग्रीला तिथे मोल आहे, ती घरचीच म्हणून कमी लेखू नकोस.

मात्र तेवढ्यावर भागणार नाही. अरबी आत्ताच सुरू कर, आणि दख्खनवर काम करायचं असेल तर फारसीला पर्याय नाही. खुलताबादच्या सूफींची वचनं त्यांच्या शिष्यांनी चौदाव्या शतकात फारसीत टिपून ठेवली. भाषांतरांवर विसंबून प्रबंध लिहिलास तर पहिल्याच तोंडी परीक्षेत पाय घसरेल. सिद्धान्त नंतर येतात, विभागात त्यांची कमतरता नसते. भाषा मात्र तिशीनंतर जड जातात.

आणि बौद्ध, यहुदी, ख्रिस्ती धर्मांच्या तासांना मन लावून बस. शेजारच्या खोलीतला कुणी मध्ययुगीन ख्रिस्ती संतांच्या थडग्यांवर काम करत असेल. मिरजेच्या दर्ग्याबद्दल तो जे प्रश्न विचारेल ते आपल्याकडे कुणी विचारत नाही. त्या प्रश्नांसाठीच तर या विभागात जायचं, नाहीतर अरबीच्या विभागात काय वाईट होतं?

मार्गदर्शक ठरवण्याआधी त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांशी बोल. आणि पहिल्या सत्राचा निबंध चक्कीनाम्यावर लिहिणार असशील तर कच्चा मसुदा पाठव, मी वाचेन.

तुझा,
सर